मेलानेशियन मुखवट्यांवरील पक्ष्यांचीं काष्ठमस्तकें

युरोपांतील व अमेरिकेंतील वस्तुसंग्रहालयांच्या याद्या चाळतांना एका प्रकारची नोंद वारंवार डोळ्यांपुढें येते. पक्ष्याचें मस्तक, लांकडी, रंगविलेलें, न्यू आयर्लंड. एवढाच मजकूर, आणि पुढें संग्रहांत दाखल झाल्याचें वर्ष. मस्तक कोणत्या मुखवट्याचें, तो मुखवटा कोणाचा, कोणत्या प्रसंगीं बाहेर काढला होता, यांपैकीं एकाही प्रश्नास अशा नोंदींत उत्तर नसतें. पोथ्यांच्या मागें आयुष्य वेंचलेल्या आमच्या वाचकांस ही स्थिति नवी नाहीं. जुन्या दप्तराच्या तळाशीं एखादें सुटें पान सांपडतें. अक्षर वळणदार, समासांतील चित्र सुरेख; पण आरंभ नाहीं, शेवट नाहीं, पुष्पिका नाहीं. ग्रंथ कोणाचा, लिहिणारा कोण, शक कोणता, कोणासाठीं लिहिला, कांहींच कळत नाहीं. असें पान वाचतांना किती सावध राहावें लागतें हें आम्ही सर्वच जाणतों.

मेलानेशियांतील या पक्षिमस्तकांचें वाचन गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत विद्वानांनीं व रसिकांनीं ज्या रीतींनीं केलें, त्या रीतींचें परीक्षण करावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : हें मस्तक प्रथमतः कोणा गूढ कल्पनेचें प्रतीक नसून हक्काची खूण आहे, आणि हक्कदार कोण हें ठाऊक नसतां त्याचा अर्थ सांगूं जाणें म्हणजे पुष्पिका हरवलेल्या पानावर कर्त्याचें नांव आपल्या मनानें घालणें होय.

प्रथम स्थळ व वस्तु यांचा परिचय करून देणें अवश्य आहे. न्यू आयर्लंड हें बेट न्यू गिनीच्या ईशान्येस, बिस्मार्क द्वीपसमूहांत आहे. लांबी २०० मैलांहून अधिक, रुंदी मात्र फारच थोडी. १८८४ पासून १९१४ पर्यंत तेथें जर्मन अंमल होता व त्या काळीं बेटास नॉयमेक्लेनबुर्ग म्हणत. पुढें कारभार ऑस्ट्रेलियाकडे गेला, आणि १९७५ पासून तें स्वतंत्र पापुआ न्यू गिनी राष्ट्राचा भाग आहे. या बेटाच्या उत्तर भागांत व लगतच्या ताबार बेटांत मृतांच्या उत्तरक्रियेचा जो मोठा विधि होतो, त्यास मलांगन म्हणतात. विधीसाठीं कोरलेल्या मूर्ति, खांब व मुखवटे यांनाही हेंच नांव आहे. ताबार हें या परंपरेचें मूळस्थान, असें बेटवासी स्वतः सांगतात. मृत्यु झाल्यावर कित्येकदां बरींच वर्षें लोटल्यानंतर, घराण्यांतील अनेक मृतांचा मिळून असा हा विधि केला जातो.

या वस्तु मुख्यतः आल्स्टोनिया वर्गांतील झाडाच्या लांकडाच्या करितात. आपला सप्तपर्ण, म्हणजे कोंकणांतील सातवीण, याच वर्गांतला आहे. लांकूड हलकें, मऊ, कोरावयास सोपें. सप्तपर्णास वनस्पतिशास्त्रज्ञांनीं जें लॅटिन नांव दिलें त्यांत विद्यार्थ्यांशीं संबंध दाखविणारा शब्द आहे. कारण या लांकडाच्या पाट्या करून मुलांस लिहावयास देत. ज्या वर्गांतील लांकडावर इकडे मुलांनीं अक्षरें गिरविलीं, त्याच वर्गांतील लांकडावर तिकडे पक्षी कोरले गेले. एवढा धागा वाचकांनीं हातीं धरावा. त्यावरून दोन्ही देशांचें अधिक नातें मात्र कोणीं जोडूं नये.

मस्तकांवर तांबडा, काळा व पांढरा हे रंग प्रामुख्यानें असतात, पांढरा चुन्याचा. व्यापाऱ्यांचीं गलबतें येऊं लागल्यावर कपड्यांना घालावयाची नीळही कोरीव कामावर दिसूं लागली. डोळ्यांच्या जागीं एका समुद्री गोगलगायीच्या शंखाचें झांकण बसवितात. त्याच्या मध्यभागीं हिरवट निळी छटा असल्यामुळें लांकडी डोळा जिवंत वाटतो. पक्ष्यांमध्यें धनेशाचें मस्तक सहज ओळखूं येतें. न्यू गिनी व तिच्या पूर्वेकडील बेटांत धनेशाची एकच जाति आढळते, म्हणून येथें जातिनिश्चयाचा घोळ उरत नाहीं. लांब, वांकडी, जाड चोंच आणि तिच्या मुळाशीं आडव्या वळ्या, हीं दोन लक्षणें कारागीर कधीं सोडीत नाहीं. बाकी पिसारा तो आपल्या आंखणीप्रमाणें रंगवितो.

मुखवट्याची रचना ध्यानांत घेतली म्हणजे मस्तकें सुटीं कां सांपडतात हें कळतें. चेहरा एका ओंडक्यांतून कोरलेला असतो. परंतु कानांच्या जागच्या मोठ्या नक्षीदार फळ्या, माथ्यावरचे पक्षी, पंख व शेपट्या हे भाग पुष्कळदां वेगळे कोरून खुंट्यांनीं जोडलेले असतात. जोड सैल झाला कीं पक्षी निखळतो. शिवाय न्यू आयर्लंडांत धनेशाचीं अशींही मस्तकें करीत कीं जीं नर्तक दांतांत धरून नाचत. तीं मुखवट्याचा तुटका भाग नव्हत. तीं स्वयंपूर्ण वस्तु आहेत. तेव्हां मस्तकाच्या मागील बाजूस खुंटीचें भोंक आहे, तुटीची खूण आहे, कीं दांतांत धरण्याची जागा आहे, हें पाहणें ही परीक्षेची पहिली पायरी. पोथीचें पान हातीं येतांच पत्रांक व कडा पाहाव्या, तसेंच हें आहे. एवढें न पाहतां दोन्ही प्रकार एका नांवाखालीं मांडणें हा नोंद करणाराचा आळस होय.

कारागिरीचा गुणही सांगितला पाहिजे. नाहीं तर परीक्षण एकांगी होईल. मलांगनाच्या उत्तम मुखवट्यांत पक्षी एकटा नसतो. त्याच्या चोंचींत सर्पाचें शरीर असतें, सर्प वळून पक्ष्याच्या गळ्याशीं येतो, खालीं एखादा मासा दुसऱ्याच कशाचा चावा घेत असतो. कोण कोणास गिळीत आहे हें निश्चित सांगतां येत नाहीं, आणि तें सांगतां येऊं नये अशीच योजना दिसते. त्यांतच रंगाच्या बारीक रेघा कोरीव आकाराशीं जुळून न जातां त्यास छेद देत धांवतात. त्यामुळें डोळा एका ठिकाणीं स्थिरावत नाहीं. पुढून पाहिलेलें बाजूनें पाहतां वेगळेंच होतें. ही दृष्टीची चंचलता या कलेचें मुख्य सामर्थ्य होय. संग्रहालयांतील कपाटांत सुट्या मस्तकाच्या वांट्यास नेमकी तीच येत नाहीं. चोंच राहते, पण चोंचींत काय होतें तें गेलेलें असतें.

आतां वाचनाच्या रीतींकडे वळूं. पहिली रीति आल्फ्रेड हॅडन यांची. ब्रिटिश न्यू गिनीच्या अलंकरणकलेवरील त्यांचा प्रबंध १८९४ सालीं व कलेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १८९५ सालीं प्रसिद्ध झाला. न्यू गिनीच्या आग्नेय टोंकाकडील मासिम प्रदेशांतील लांकडी वस्तूंवर पक्ष्याचें मस्तक व बांकदार चोंच पुन्हां पुन्हां येते. एकापुढें एक ठेवलेल्या या चोंचींपासून हळूहळू नुसती वेलबुट्टी कशी होत गेली, हें हॅडन यांनीं अनेक आकृति क्रमानें मांडून दाखविलें. पद्धति शिस्तीची, आणि आम्हां पाठभेद जुळविणारांस ओळखीची. एका मूळ प्रतीपासून नकलांत अक्षरें कशीं बिघडत जातात हें दाखविण्यासारखीच. परंतु येथें एक अडचण आहे. आकृतींचा क्रम कालानुक्रम आहे, हें पुराव्यानें ठरलेलें नव्हतें. मांडणारानें तो आपल्या तर्कानें लाविला. सुबोध पाठ आधींचा व दुर्बोध पाठ नंतरचा, असें पोथ्यांच्या बाबतींत आम्ही धरून चालत नाहीं; अनेकदां उलटेंच असतें.

दुसरें असें कीं, हॅडन यांनीं हा पक्षी समुद्रावर दूर उडणारा फ्रिगेट पक्षी मानला. शर्ली कॅम्पबेल यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ट्रोब्रियांड समूहांतील वाकुता बेटावर राहून, नावांच्या अग्रफळ्या कोरणाऱ्या कारागिरांकडूनच माहिती घेतली. त्यांचा कुलेच्या कलेवरील ग्रंथ २००२ सालचा. कारागीर त्या फळ्यांवरील पक्ष्यास बुरिब्वारी म्हणतात. म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतला कुरर, मासा हेरून झडप घालणारा. त्याची झडप सहसा चुकत नाहीं, म्हणून दूरच्या बेटांवर मौल्यवान वस्तु मिळविण्यास निघालेल्या नावेवर तो कोरावयाचा. केवळ चोंचीचा बांक पाहून केलेलें नामकरण आणि कारागिरास विचारून केलेलें नामकरण यांतील अंतर येथें स्पष्ट दिसतें. हॅडन यांचा व्यासंग मोठा होता, त्याविषयीं आदर ठेवूनच आम्ही हें लिहितों.

दुसरी रीति प्रतीकवाद्यांची. पक्षी म्हणजे आत्मा, सर्प म्हणजे पाताळ, दोहोंचें युद्ध म्हणजे द्यावापृथिवीचा संघर्ष, अशी सरधोपट फोड कित्येक कलाग्रंथांत आढळते. या रीतीचा मोह आमच्या वाचकांस इतरांपेक्षां अधिक होईल, म्हणून तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. चोंचींत सर्प धरलेला पक्षी पाहतांच संस्कृत शिकलेल्या मनांत वैनतेय उभा राहतो. कद्रू, विनता, अमृतहरण, सारें आख्यान डोळ्यांपुढें येतें. त्यांत कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं धनेशासच गरुड म्हणतात. मग न्यू आयर्लंडचा धनेश म्हणजे गरुड आणि त्याच्या चोंचींतील सर्प म्हणजे नाग, ही साखळी जुळावयास कितीसा वेळ? परंतु आकृतिसाम्य हा संबंधाचा पुरावा नव्हे. पक्षी सापास खातो हें दृश्य ज्या ज्या देशांत पक्षी व साप आहेत तेथें तेथें दिसतें. तें पाहावयास महाभारत वाचावें लागत नाहीं. दोन पोथ्यांत एकच सुभाषित सांपडलें म्हणून एक दुसरीची नक्कल ठरत नाहीं. नक्कल ठरण्यास समान चुका लागतात. बेटावरील मुखवटा व आपलें आख्यान यांत अशी एकही समान चूक दाखवितां येत नाहीं. तेव्हां हा मोह आवरावा हेंच उचित.

तिसरी रीति कलावंतांची. पॅरिसमधील अतिवास्तववादी मंडळींस ओशिआनियांतील वस्तूंचें विलक्षण वेड होतें. १९२९ सालीं त्यांच्या वर्तुळांतून जगाचा एक नकाशा प्रसिद्ध झाला, त्यांत न्यू गिनी अवाढव्य काढली होती आणि युरोपांतील मोठमोठीं राष्ट्रें जवळजवळ लुप्त होतीं. आंद्रे ब्रेताँ यांनीं अशा वस्तूंचा संग्रहही केला. पुढें १९८४ सालीं न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयांत आधुनिक चित्रकार व तथाकथित आदिम कला यांचीं कामें शेजारीं शेजारीं मांडून मोठें प्रदर्शन भरलें. या मंडळींचे उपकार आहेत. ज्या वस्तूंकडे रानटी कुतूहल म्हणून पाहत, त्यांत प्रतिभा आहे हें त्यांनीं जगास दाखविलें. परंतु त्या प्रदर्शनावर तेव्हांच आक्षेप आला कीं, युरोपीय चित्रकाराचें नांव, वर्ष, हेतु सारें सांगावयाचें आणि बेटावरील कारागिराच्या कामाचा केवळ आकार तेवढा पाहावयाचा, हा पंक्तिप्रपंच आहे. आम्हांस हा आक्षेप रास्त वाटतो. अक्षर सुंदर म्हणून पान चौकटींत घालून भिंतीस लाविलें. पण त्यावर काय लिहिलें आहे तें वाचलें नाहीं, असा हा प्रकार.

मग काय लिहिलें आहे? मलांगनाच्या व्यवहाराकडे पाहतां उत्तर मिळतें. अमुक घाटाचा पक्षी, अमुक रीतीनें धरलेला सर्प, अमुक रंगाची आंखणी, या सर्वांवर विशिष्ट व्यक्तींचा व घराण्यांचा हक्क असतो. हक्कदार कारागिरास बोलावून आपल्या आठवणींतील आकृति सांगतो. कारागीर कुंपणाआड, इतरांच्या दृष्टीआड ती कोरतो. विधीच्या दिवशीं ती उघड केली जाते. त्याच प्रसंगीं डुकरें व शिंपल्यांच्या मण्यांचें चलन देऊन हक्काचें हस्तांतर लोकांसमक्ष होतें. ज्यास हक्क मिळाला त्यानें ती आकृति पाहून लक्षांत ठेवावयाची आणि पुढें आपल्या पाळीस तशी करवावयाची. हक्क नसतां कोणीं ती कोरविली तर दंड भरावा लागतो. हें हस्तांतर झालें कीं वस्तूचें काम संपलें. ती कुजूं देत, मोडून टाकीत किंवा जाळीत. आणि युरोपीय गिऱ्हाईक दारांत उभें राहूं लागल्यावर विकूं लागले. सुझान क्यूक्लर यांनीं आपल्या अभ्यासांत जगांतील संग्रहालयांत गेलेल्या अशा वस्तूंची संख्या ५००० च्या घरांत सांगितली आहे. म्हणजे बेटवासीयांनीं ग्रंथ आपल्या स्मरणांत ठेवला व युरोपियनांनीं उतरलेलें निर्माल्य जपून ठेवलें.

पक्षी आणि घराणें यांचा संबंध भाषेनेंही राखला आहे. पापुआ न्यू गिनींतील टोक पिसिन या व्यवहारभाषेंत 'पिसिन' या शब्दाचा अर्थ पक्षी. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कुळ अथवा कुळाचें चिन्ह. न्यू आयर्लंडच्या दक्षिणेकडील समाजांत लोकांचे जे दोन मोठे विभाग आहेत त्यांस त्या भाषेंत 'मोठा पक्षी' व 'लहान पक्षी' अशा अर्थाचीं नांवें आहेत; विवाह एकाच विभागांत होत नाहीं. महाराष्ट्रांतील वाचकांस याचें मर्म समजावून सांगावयास नको. साळुंखे घराण्यांत साळुंकीचें पीस, मोरे घराण्यांत मोराचें पीस देवक म्हणून पूजेस येतें, आणि एका देवकांत सोयरीक होत नाहीं. उद्यां एखाद्या परदेशस्थ पंडितानें आपल्या लग्नमंडपांतील मोरपीस उचलून नेलें आणि हें कार्तिकेयाच्या वाहनाचें, सबब वीररसाचें प्रतीक, असें त्याखालीं लिहिलें, तर त्याचें विधान सुशिक्षितपणाचें दिसेल, पण त्या पिसाचा त्या मंडपांतील अर्थ सर्वस्वी हुकलेला असेल. देवकाचा दाखला आम्ही समजुतीपुरता दिला आहे. उभय चालींचें मूळ एक, असा आमचा दावा नाहीं.

हीच गोष्ट न्यू गिनींतील सेपिक नदीच्या मध्य भागीं राहणाऱ्या यात्मुल लोकांत वेगळ्या रूपानें दिसते. त्यांच्या माई नांवाच्या मुखवट्यांचें लांकडी नाक हातभर खालीं ओढलेलें असतें आणि त्याच्या टोंकास पक्ष्याचें वा दुसऱ्या प्राण्याचें मस्तक असतें. हे मुखवटे कुळाच्या पूर्वज भावंडांचे, जोडीनें नाचविण्याचे. ग्रेगरी बेटसन यांनीं १९३६ सालच्या 'नेव्हन' या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, यात्मुलांतील जाणत्या पुरुषास दहा ते वीस हजार कुलनामें मुखोद्गत असतात आणि अमुक नांव, अमुक पूर्वज कोणत्या कुळाचा यावरून पुरुषांच्या सभागृहांत कडाक्याचे वाद होतात. घनपाठ्यांच्या देशांत या संख्येचें आश्चर्य वाटणार नाहीं, आदर मात्र वाटेल. नाकाच्या टोंकावरचा तो पक्षी या नामसंपत्तीचा लांकडी शेवट आहे. नांव ठाऊक नसेल तर उरतें तें केवळ लांब नाक.

यावर एक आक्षेप संभवतो व तो वजनदार आहे. बेटवासी स्वतःच वस्तु टाकून देत, तर तिचा इतिहास जपण्याचा आग्रह आम्हीं कां धरावा? आकृति त्यांच्या स्मरणांत होती, वस्तूचें महत्त्व त्यांनींच नाकारलें होतें. उत्तर असें कीं, स्मरण माणसांच्या आधारानें राहतें आणि माणसें मरतात. नव्या राजवटी, नवा धर्म, मळ्यांवरील मजुरी व दोन महायुद्धें या बेटांवरून गेलीं. मलांगनाचे विधि आजही होतात, ही समाधानाची गोष्ट. पण प्रत्येक आकृतीचा वारस उरला असेल असें नाहीं. एड्गर वाल्डन यांचें उदाहरण बोलकें आहे. १९०७ ते १९०९ या काळांतील जर्मन आरमारी मोहिमेंत त्यांनीं उत्तर न्यू आयर्लंडांत राहून या विधींचीं टिपणें केलीं. १९१४ सालीं युद्धांत त्यांना मृत्यु आला, आणि टिपणें प्रकाशांत येण्यास सुमारें तीन दशकें लागलीं. ज्या वस्तूंस अशा टिपणांचा आधार आहे त्या आजही बोलतात. नसलेल्या मुक्या आहेत. टाकलेली वस्तु निरर्थक हें खरें मानलें, तरी ती एकदां जपावयाची ठरविल्यावर अर्धवट जपणें हा दोष जपणाराचा, टाकणाराचा नव्हे.

पक्ष्यास दुसरा कोणताही अर्थ नाहीं, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. कुरराची अचूक झडप कारागिराच्या मनांत असते, हें वर आलेंच आहे. आमचें म्हणणें क्रमाविषयीं आहे. कोणाचा, कोठला, कोणत्या प्रसंगाचा, हे प्रश्न आधीं. कशाचें प्रतीक, हा प्रश्न मागाहून, आणि तोही हक्कदाराच्या तोंडून उत्तर मिळत असेल तर. तसें नसेल तेथें नोंदींत अर्थाची जागा कोरी ठेवावी. जोडाची खूण, लांकूड, डोळ्याचें झांकण, रंगांची जात, संपादनाचें स्थळ व वर्ष, विकणाराचें नांव, एवढें निगुतीनें लिहिलें तरी पुढील अभ्यासकावर उपकार होतील. कोरी जागा पुढें कोणी भरूं शकतो. चुकीचा मजकूर मात्र खरवडून काढावा लागतो, आणि खरवडतांना कागद फाटतो.

हा विषय दूरच्या बेटांचा असला तरी त्यांतील दोष दूरचा नाहीं. आपल्याकडेही सचित्र पोथी फोडून तिचीं चित्रांचीं पानें सुटीं विकण्याची चाल पडली आहे, आणि गिऱ्हाईक आहे म्हणूनच ती टिकली आहे. चित्र घरीं येतें, पोथी मरते. न्यू आयर्लंडच्या पक्ष्याचें मस्तक कपाटांत ठेवणाऱ्या गृहस्थास नांवें ठेवण्यापूर्वीं प्रत्येक संग्राहकानें आपलें कपाट उघडून पाहावें. त्यांत सुटें पान असेल तर तें कोणत्या पोथीचें, कोणाकडून, केव्हां आलें, तें आजच कागदावर मांडून ठेवावें. आठवण ताजी आहे तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.